पुण्यातल्या जुन्या दारं-खिडक्यांत एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंय की पेठांमधून फिरताना लोक वाड्यांच्या दारा-खिडक्यांचे इतके फोटो का काढतात; त्यात खरंच काही अर्थ असतो, की ही नुसती जुन्याची ओढ? मी शुक्रवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. माझ्या मते अर्थ आहे, आणि भरपूर आहे, पण एकट्या नक्षीत शोधलात तर तो हाती लागणार नाही. दार कोणासाठी उघडत होतं आणि खिडकीत कोण बसत होतं, हे विचारत गेलात की लागेल.

शनिवारवाड्यापासून सुरुवात करा. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लांब अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. त्याच दाराच्या एका फळीत माणसापुरती छोटी दिंडी आहे. मोठं दार बंद ठेवायचं आणि रोजची ये-जा दिंडीतून. त्यामुळे आत येणारा एकेकटा येणार, वाकून येणार, आणि वाकलेल्या माणसाला तलवार चालवता येत नाही. जी गोष्ट पहारेकऱ्याच्या सोयीची, तीच पाहुण्याला नम्र करणारी. जुन्या दारांचं मला सर्वांत जास्त आवडतं ते हेच: काम आणि अर्थ वेगळे काढताच येत नाहीत.

या वाड्याला पाच दरवाजे. गणेश दरवाज्यातून वाड्यातल्या स्त्रिया कसबा गणपतीच्या दर्शनाला जात. दक्षिणेचा नारायण दरवाजा मात्र ऐकूनच अंगावर काटा आणतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून झाला आणि त्यांचा देह इथून बाहेर नेला, म्हणून हे नाव. पुढे १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. आज आत फिरलात तर जोती आणि कारंज्यांच्या जागा दिसतात. तटबंदी आणि दरवाजे तेवढे उभे आहेत. राजवाडा गेला तरी माणसांची नावं, दुःखं, नवस-दर्शनं दरवाज्यांनी धरून ठेवली.

साध्या घराच्या दाराला हत्तीची भीती नव्हती, पण जपणूक तेवढीच. चौकटीच्या वर मधोमध गणपती, दसऱ्याला झेंडू-आंब्याचं तोरण, उंबऱ्यावर हळदी-कुंकवाची बोटं. नवी सून माप ओलांडते ती इथेच. तिन्हीसांजेला आजी पुढचं दार उघडायला लावायची आणि मागचं लावून घ्यायची. लक्ष्मी पुढून येते, ती मागून निघून जाऊ नये. उंबऱ्यावर बसलेलं आजीला अजिबात खपायचं नाही. याच्या मुळाशी नरसिंहाची कथा आठवावी. हिरण्यकशिपूला घरात मरण नाही, बाहेरही नाही, म्हणून त्याला मारलं ते उंबरठ्यावर. जी जागा धड आतली नाही, धड बाहेरची नाही, तिथे आपल्याकडच्या माणसांना कायम काहीतरी घडू शकेल असं वाटत आलंय. म्हणून तिथे रांगोळी आणि म्हणूनच तिथे दिवा.

खिडक्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फोटोत ते दिसत नाही. वाड्याच्या माडीवरच्या बऱ्याच खिडक्या जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर सुरू होतात. घरातलं बसणं सगळं जाजमावर, त्यामुळे डोळ्यांची पातळीही तिथेच. शिवाय भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या खणात मांडी घालून बसता यावं. आमच्याकडे आत्या दुपारी तिथे बसून गहू निवडायची. बाहेर ऊन, आत अंधार, मध्ये गज. गल्लीतल्या माणसाला ती दिसायची नाही, पण तिला अख्खी गल्ली दिसायची. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं पोर शाळेतून लवकर परतलं, सगळं.

मला ती खिडकी प्रिय आहे. पण कित्येक पिढ्यांच्या बायकांना जग दिसलं ते तेवढंच, हेही तिच्याकडे पाहताना विसरवत नाही. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत येण्यासाठी मुलींना उंबरठा ओलांडावा लागला. त्या काळी केवढं धाडस होतं ते, हे अशा खिडकीत बसून पाहिलं की समजतं.

आणि बंद दारांबद्दल बोललं नाही तर उत्तर अपुरं राहील. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेरच आहे. पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. सत्याग्रहींनी मार खाल्ला. तीच पर्वती आज आपण सकाळी व्यायाम म्हणून चढतो. कोरीव दार सुंदर आहे असं म्हणताना ते कोणाच्या तोंडावर लागलं होतं, एवढं तरी मनात असावं.

हल्ली वाडे पाडले की दारं सुटी होऊन विकली जातात आणि कुठल्याशा फार्महाऊसच्या भिंतीला टेकवलेली दिसतात. जळणात जाण्यापेक्षा ते बरंच, पण ज्यातून कोणी येत-जात नाही त्या दाराकडे पाहून मला वाईट वाटतं. त्यापेक्षा बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी जमवली, तशी कोरीव दारं-खिडक्याही. तिथे दाराच्या वरच्या नक्षीसोबत कडीभोवतीचं लाकूडही निरखून बघा. रोजचे हात लागून लागून जुन्या दारांचा तेवढा भाग गुळगुळीत झालेला असतो.

पेठेतल्या राहत्या वाड्याचा फोटो घ्यायचा असेल, तर आधी आत हाक मारा आणि विचारा. वेळ बरी असेल तर बहुतेक जण आत बोलावतात. चौकात उभं राहून वर पाहिलंत की दिसेल, रस्त्याकडे मोजक्याच खिडक्या ठेवणारा वाडा आतल्या बाजूला किती मोकळा आहे. उजेड आणि वारा घरभर जातो तो त्या चौकातूनच.