गल्लीतला गाण्याचा कट्टा

प्रश्न: आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत एका रविवारी संध्याकाळी रस्त्यावरच गाणीबजावणी ठेवलीय. भजनी मंडळ, गोंधळी, हलगीवाले, कॉलेजच्या पोरांचा गिटार-ड्रम्सचा बँड आणि ढोल-ताशा पथक, सगळे यायला तयार आहेत. आधी कोणाला बसवू?

उत्तर: ताई, ढोल-ताशा आधी ठेवलात तर पुढचं भजन कोणाला ऐकूच येणार नाही, कान दोन तास गुंगच राहतात! पथक शेवटी, तेही गल्लीच्या तोंडाशी, कारण पेठेतल्या अरुंद गल्लीत आवाज भिंतींवर आपटून दुप्पट वाटतो. सुरुवात भजनाने करा, टाळ-मृदंगाला माईक नसला तरी चालतं. मग गोंधळ. संबळ आणि तुणतुणं एवढ्यावर ती मंडळी अख्खी गल्ली बांधून ठेवतात, आणि खरं सांगू, मला तरी सगळ्यात जास्त मजा तिथेच येते. हलगीवाल्यांना जरा आधी बोलवा, कातडं ओलसर हवेत ढिलं पडतं म्हणून ते जाळावर शेकून घेतात, तेव्हा कोपऱ्यात जागा ठेवा (कोणाच्या स्कूटरजवळ नको हं). बँडला मात्र वायरी, स्पीकर जोडून साउंड चेक करायला वेळ लागतोच, तेवढ्यात हलगी वाजू दे, म्हणजे लोक उठून जाणार नाहीत. स्पीकरची परवानगी पोलिसांकडून आधी घ्या, रात्री १० नंतर स्पीकर बंदच, त्यामुळे ६ ला म्हणजे ६ लाच सुरू करा. आणि चहा कलाकारांना आधी, पाहुण्यांना मग.