हिरवी विचारपूस : मेपलचं गणगोत

प्रश्न : माझी नात टोरांटोला मेपलच्या झाडांच्या डीएनएवरून त्यांची वंशावळ लावण्याचं काम करते. फोनवर विचारलं तर म्हणाली, "आजी, पानावरून नातं कळत नाही." आम्ही तर जन्मभर झाडं पानांवरूनच ओळखली. मग हा एवढा खटाटोप कशासाठी?
— एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आजी, झाड ओळखणं वेगळं आणि त्याचं नातं लावणं वेगळं. पान पाहून झाड सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे तुमची बाजू मला कळते. पण कोण कोणाचं सख्खं आणि कोण चुलत, असं विचारलं की पान फितूर होतं.

कॅनडाच्या झेंड्यावरचं पान म्हणजे मेपल, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मेपलच्या जाती सव्वाशेच्या आसपास, त्यातल्या बहुतेक आशियात. मेपलचं शास्त्रीय नाव एसर. अमेरिकेतल्या एसर निगुंडोचं पान संयुक्त, तीन-पाच पर्णिकांचं. आपल्या हिमालयातल्या एसर ऑब्लाँगमच्या पानाला खाच म्हणून नाही. त्याची नुसती फांदी हातात दिली तर शंभरातले नव्वद विद्यार्थी मेपल हे नावसुद्धा काढणार नाहीत. उलट लिक्विडंबर हे मेपलशी काही देणंघेणं नसलेलं झाड, आणि पान मात्र असं की बागेतले माळीही फसावेत. मेपल पकडायचा तो समोरासमोरच्या पानांवरून आणि दोन पंखांच्या जोडफळावरून. पण एवढ्या खुणांनी तो मेपल आहे इतकंच ठरतं. आतली भावकी लावायला त्या पुरत नाहीत, कारण पानाचा आकार किंवा वाऱ्यावर परागण होण्याची सवय या गोष्टी वेगवेगळ्या फांद्यांत पुन्हा पुन्हा उपजल्या आहेत.

म्हणून तुमची नात काय करत असेल ते सांगतो. कोवळं पान तोडून सिलिका जेलच्या पुडीत टाकायचं, म्हणजे ते झटपट वाळतं आणि डीएनए कुजत नाही. मग द्रव नायट्रोजन ओतून खलात पूड करायची, सीटॅब नावाच्या साबणासारख्या द्रावणात गरम करायची, क्लोरोफॉर्मने प्रथिनं वेगळी काढायची आणि शेवटी गार अल्कोहोल घालायचं. पांढरे तंतू वर येतात, तो डीएनए. त्यातले हवे ते तुकडे पीसीआर या प्रती काढण्याच्या तंत्राने वाढवून त्यांची अक्षरं, म्हणजे घटकांचा क्रम, वाचायची. अनेक जातींच्या अक्षरओळी एकाखाली एक मांडल्या, की कोणते बदल कोणाकोणात सामाईक आहेत ते दिसतं. त्यावरून संगणक वंशवृक्ष काढतो. पंक्तीला एक परका मुद्दाम बसवावा लागतो, नाहीतर जुनं रूप कोणतं आणि नवा बदल कोणता हे ठरत नाही. मेपलसाठी हा मान डिप्टेरोनिया या झाडाचा. त्याच्या दोनच जाती, दोन्ही चीनच्या, आणि फळाला पंख सगळीकडून गोल.

इथवर सोपं. खरी गंमत पुढे आहे. बरीच वर्षं लोक हरितलवकाचा, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणाचा, डीएनए वाचत होते. तो छोटा, साधारण दीड लाख अक्षरांचा, आणि प्रत्येक पेशीत भरपूर प्रतींत असतो, म्हणून हाताळायला सोयीचा. पण बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो फक्त आईकडून येतो. आपण नुसत्या आडनावावरून घराण्याचा इतिहास लिहिला तर सगळं आजोळ गळून जाईल. इथे नेमकं उलटं होतं : आजोळ तेवढं उरतं, बापाकडचं गळतं. त्यात मेपल आपसांत संकर करणारे. अमेरिकेतल्या लाल आणि रुपेरी मेपलचा संकर तर फ्रीमन मेपल म्हणून रोपवाटिकांत विकतात. असा संकर पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूला मिसळत गेला, तर झाड दिसतं एका जातीचं आणि हरितलवक राहतं दुसरीचं. त्यामुळे हरितलवकाचा वृक्ष एक सांगतो, आईबाप दोघांकडून आलेल्या केंद्रकातल्या डीएनएचा दुसरंच. यावर उपाय म्हणजे केंद्रकातल्या पुष्कळ जागा एकदम वाचणं. 2019 साली अशा पाचशेहून अधिक जागा वापरून मेपलची वंशावळ मांडली गेली. तरी जिथे जुन्या फांद्या एकापाठोपाठ एक भराभर फुटल्या, तिथे जनुकांचं आपसांत एकमत होत नाही. ते तसंच मान्य करावं, उगाच ओढूनताणून एक झाड काढू नये, असं माझं मत.

हाती काय लागलं? अमेरिकेच्या लाल आणि रुपेरी मेपलच्या गटात तिसरा भिडू जपानचा एसर पिक्नँथम आहे. शेजारी उगवणारा, सरबतवाला साखर मेपल त्यांचा जवळचा नव्हेच. जपान आणि पूर्व अमेरिकेतल्या झाडांचं हे साम्य अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी 1859 मध्येच दाखवून दिलं होतं, तेही वाळवलेल्या नमुन्यांवरून. डीएनए आणि जीवाश्म जोडल्यावर या जपानी-अमेरिकी भावंडांची ताटातूट केव्हा झाली याचा अंदाज बांधता येतो.

नातीला माझा एक निरोप द्या. ज्या झाडाचं पान घेतलं, त्याची फुलाफळांसकट फांदी दाबून, वाळवून, चिठ्ठी लावून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, ठेव म्हणावं. उद्यानांतले मेपल कित्येकदा शेजारच्या परागाने झालेले संकर असतात आणि पाटीवर मात्र शुद्ध जातीचं नाव असतं. चुकीच्या नावाने एकदा डेटाबेसमध्ये गेलेली अक्षरं पुढचे दहाजण डोळे मिटून उचलतात. अक्षरं वाचणारं यंत्र पैशाने मिळतं. झाड ओळखणारा माणूस मिळत नाही, आणि त्या जागा कोणी भरतही नाही. असो.

प्रश्न : मेपलचं कुळ एसेरेसी असं जुन्या नोट्समध्ये आहे, नव्या पुस्तकात सॅपिंडेसी. परीक्षेत काय लिहू?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, सयाजीगंज

उत्तर : सॅपिंडेसी लिही, आणि कारणही लिही. सपुष्प वनस्पतींच्या 1998 च्या एपीजी वर्गीकरणात डीएनएच्या पुराव्यावरून मेपल आणि हॉर्स चेस्टनट रिठ्याच्या कुळात, म्हणजे सॅपिंडेसीत, आले. मजा अशी, की तुला शिकवतात त्या बेंथॅम-हूकर पद्धतीतही मेपल रिठ्याच्याच कुळात होते. मधल्या काळात इतरांनी वेगळं घर करून दिलं, डीएनएने परत आणलं. 2010 मध्ये काहींनी झँथोसेरास ही एकच प्रजाती बाहेर काढून मेपलना पुन्हा वेगळं कुळ द्यावं असं सुचवलं. फांद्यांचा क्रम बऱ्यापैकी ठरलाय, वाद आहे तो कुऱ्हाड कुठे मारायची याचा. तुझ्या परीक्षकाला हा वाद माहीत असेलच असं नाही, तेव्हा दोन ओळींत आटप.

प्रश्न : बडोद्याला अंगणात मेपल लावता येईल का? ऑनलाइन बिया मिळतात.
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : नाही. थंड प्रदेशातल्या बहुतेक मेपलच्या बिया रुजायलाच बरेच आठवडे ओलसर गारवा लागतो. तो फ्रिजमध्ये दिलात तरी आपला मे महिना रोपाला झेपायचा नाही. पैसे वाचवा. लाल पानांची हौस असेल तर फाल्गुन-चैत्रात डांगकडे जा आणि कुसुंब बघा. नवी पालवी लालभडक असते आणि झाड मेपलच्याच कुळातलं. अंगण मोठं असेल तर रिठा लावा. नसेल तर पावसाळ्यात कुंपणावर आपणहून चढणारी कपाळफोडी उपटू नका, तीही याच कुळातली. तिच्या फुग्यासारख्या फळातल्या काळ्या बीवर पांढरा बदाम असतो. त्या बिया जपून ठेवल्यात तर पुढच्या वर्षी कुंडीतही लावता येतील.