धावपटू द्युती चंद ट्रान्सजेंडर आहे का? मग तिच्यावर बंदी का आली होती?
नाही. द्युती जन्मापासून मुलगीच. शरीरात टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत जास्त असणारं संप्रेरक) नैसर्गिकरीत्या जास्त, एवढंच. त्यावरून २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला वगळलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे (खेळांतले वाद सोडवणारं न्यायपीठ) गेली. जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे नक्की किती फायदा होतो हे आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाला दाखवता आलं नाही, म्हणून २०१५ मध्ये लवादाने त्याच्या मर्यादेचा नियमच स्थगित केला. २०१८ चे नवे नियम ४०० मीटर ते एक मैल एवढ्यापुरतेच होते. १००-२०० धावणारी द्युती सुटली, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून दोन रौप्यपदकं घेऊन आली.

ट्रान्स महिलांचा मुद्दा वेगळा (व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हींची खिचडी होते): पुरुष म्हणून वयात आलेल्यांना याच महासंघाने (आता नाव जागतिक अ‍ॅथलेटिक्स) २०२३ मध्ये महिला गटातून वगळलं. द्युतीवरची २०२३ ची बंदी मात्र उत्तेजकांमुळे.