अमेरिकेतल्या स्विंग स्टेटमध्ये उमेदवाराच्या बोलण्या-वागण्याच्या ढंगाने खरंच मतं फिरतात का?

फिरतात. पण तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय की डिबेटमध्ये अडखळणारा उमेदवार अशा राज्यात, म्हणजे जिथे कधी हा पक्ष तर कधी तो जिंकतो तिथे, टिकूच शकत नाही, ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या घरात, माझ्याच चकल्या खात बसलेल्या माणसाकडून ऐकलंय.

25 ऑक्टोबर 2022. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं. ताई आणि भाऊजी न्यू जर्सीहून आमच्याकडे पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला आले होते. त्या रात्री सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, आमच्या राज्यातल्या जागेसाठी डेमोक्रॅट जॉन फेटरमन आणि रिपब्लिकन डॉ. मेहमेत ओझ यांची एकुलती एक डिबेट होती. फेटरमनला मे महिन्यात, प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) चार दिवस आधी स्ट्रोक झालेला. ऐकलेलं पटकन उमगत नाही म्हणून समोर शब्द उमटवणारे पडदे लावले होते. गडी उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "गुड नाइट". भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "चला, गुड नाइट! संपली याची निवडणूक. डोकंच गेलंय त्याचं."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. का गेली, ते भाऊजी सोडून सगळ्यांना कळलं.

आमच्या बाबांना 2017 साली असाच स्ट्रोकचा झटका आला होता. हात-पाय सावरले, पण शब्दांची अदलाबदल व्हायची. चष्मा हवा असला की "छत्री" म्हणायचे. आठवड्याभरात आई छत्री म्हटलं की निमूट चष्मा द्यायला लागली. त्याच सुमारास सांगलीच्या फ्लॅटचे कागद करायचे होते आणि हेच भाऊजी फोनवर म्हणाले, "त्यांना आता काय कळतंय? सही घेऊन टाका." बाबांनी जन्मभर गणित शिकवलं. त्यांनी कागद ओढून घेतला, "चमचा दे" म्हणून पेन्सिल मागितली आणि चटईक्षेत्राच्या आकड्याभोवती गोल काढला. आकडा चुकला होता. चाळीस चौरस फुटांनी.

तर, डिबेट. ओझ अस्खलित बोलले, वर्षानुवर्षं टीव्हीवर कार्यक्रम केलेला डॉक्टर तो. आणि त्याच ओघात गर्भपाताच्या निर्णयात बाई, डॉक्टर यांच्या जोडीला "स्थानिक राजकीय नेते" बसवून मोकळे झाले. सुप्रीम कोर्टाने जूनमध्येच गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून निर्णय राज्यांवर सोडला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात बायका "गुड नाइट"वर नाही, त्या नेत्यांवर बोलत होत्या. फेटरमन जवळपास पाच टक्क्यांनी निवडून आला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर आकडे बघा. 2016 ला ट्रम्प इथे सुमारे 44 हजार मतांनी जिंकले, 2020 ला बायडन 80 हजारांनी, 2024 ला परत ट्रम्प, 1 लाख 20 हजारांनी. मतं पडतात साठ ते सत्तर लाखांच्या आसपास. एवढ्या काठावर असल्यावर हुडी आणि हाफ पँट घालून हिंडणारा सहा फूट आठ इंची माणूस गावाकडच्या काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारख्या) नुसता कमी हरला तरी काम होतं. फेटरमनची घोषणाच होती, प्रत्येक काउंटी, प्रत्येक मत. तिकडे ओझ दुकानात व्हिडिओ काढून 'क्रूदिते'च्या (चटणीसारख्या डिपमध्ये बुडवून खायच्या कच्च्या) भाज्या महाग झाल्या म्हणून रडले, वर दुकानाचं नावही चुकले. इथे त्याला 'व्हेजी ट्रे' म्हणतात, आणि फेटरमनने तेच ऐकवलं. सांगलीत प्रचाराला येऊन भडंगाला 'स्पाइस्ड पफ्ड राइस' म्हणण्यातला प्रकार. त्यात ओझ कित्येक वर्षं न्यू जर्सीत राहिलेले. (भाऊजींचं मतही तिथलंच. तिथे कोण जिंकणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून तिथल्या लोकांना आमच्या निवडणुकांवर बोलायला भरपूर वेळ असतो.)

हुडीला भुलू नका मात्र. हा माणूस हार्वर्डमध्ये शिकलेला, आणि पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉक या छोट्या गावाचा महापौर असताना वडिलांच्या पैशावर घर चालवलेला. ढंग हासुद्धा शिवूनच घेतलेला असतो, फक्त अंगात बसला पाहिजे. सिनेटच्या मतदानादिवशीच त्याच मतदारांनी फेटरमनच्याच पक्षाच्या, सुटाबुटातल्या, चष्मेवाल्या, तोलून बोलणाऱ्या जॉश शपिरोला जवळपास पंधरा टक्क्यांनी गव्हर्नर केलं. त्याला कोणी हाफ पँट घालायला सांगितली नव्हती. त्याच्यासमोर टोकाच्या मतांचे रिपब्लिकन डग मॅस्ट्रियानो होते, हेही खरं. समोर कोण उभा आहे यावर आपला ढंग कसा दिसतो ते ठरतं.

आता भाऊजींच्या बाजूचंही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. डिबेटच्या आधीच टपालाने पुष्कळ मतं पडून गेली होती. शपिरोच्या लाटेचा फायदा झालाच असणार. आणि 2024 ला सिनेटच्या दुसऱ्या जागेसाठी डेमोक्रॅट्सनी रिपब्लिकन डेव्ह मॅकॉर्मिकवर "हा तर कनेक्टिकटचा", म्हणजे बाहेरच्या राज्यातला, म्हणून तोच डाव टाकला, तरी त्यांनी तीन वेळा निवडून आलेल्या डेमोक्रॅट बॉब केसींना 15 हजारांच्या आसपास मतांनी पाडलं. महागाई आणि वर ट्रम्पची हवा असल्यावर पत्ता कोण विचारतो.

निकाल लागल्यावर भाऊजींचा फोन आलाच. "काय गं, आता कनेक्टिकट कुठे गेलं?" मी म्हटलं, हरले. आणि मी लगेच चाळीस फुटांचा विषय काढला, तर म्हणाले, "थांब, ताईला देतो."