आधी करार उघड

प्रिय,

मुलाखतीच्या तयारीत तू विमानतळांचे मालक पाठ करत बसलीस, तिथेच गाडं अडलं. मालक कोण हे नंतर. आधी सरकार आणि विमानतळ चालवणारी कंपनी यांच्यातला करार उघड.

पूर्ण विक्री क्वचितच होते. ब्रिटनने 1987 मध्ये बीएए ही आपली सरकारी विमानतळ कंपनी शेअर बाजारात विकली, तेव्हा लंडनचा हीथ्रो खरोखर खासगी झाला. सिडनीचा भाडेपट्टा 2002 मध्ये खासगी हातात गेला: 50 वर्षं, वर 49 वाढवायची मुभा. दिल्लीत 2006 पासून 30 वर्षांचा करार आहे, आणखी 30 वाढू शकतो, जमीन सरकारकडेच. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत 26 टक्के भाग सरकारी विमानतळ प्राधिकरणाचे. हे तिन्ही 'खासगी विमानतळ' एका ओळीत लिहू नकोस, राग येतो मला.

दिल्लीची कंपनी ढोबळ उत्पन्नाचा 45.99 टक्के हिस्सा प्राधिकरणाला देते, आणि तो खर्च दाखवून शुल्क वाढवता येत नाही. 2019 च्या सहा विमानतळांच्या लिलावात बोली लागली ती प्राधिकरणाला दर प्रवाशामागे द्यायच्या रकमेवर, 50 वर्षांसाठी. फरक बघ: पहिल्यात दुकानाच्या वाढीव भाड्यातूनही हिस्सा जातो, दुसऱ्यात ते भाडं कंपनीकडेच राहतं. मग टर्मिनलचा नकाशा कोण कशासाठी बदलतंय, ते करारच सांगेल.

आता शुल्क. विमानतळाचे दर ठरवणारा सरकारी नियामक मालमत्तेवर परतावा, घसारा, चालू खर्च आणि कर यांची बेरीज करतो. भारतात हायब्रिड टिल, म्हणजे मिश्र हिशेबाची पद्धत, असल्याने त्यातून दुकानं, पार्किंग वगैरेंच्या उत्पन्नाचे 30 टक्के वजा होतात. सिंगल टिलमध्ये सगळंच वजा होतं. उरलेली रक्कम विमान कंपन्या आणि प्रवाशांकडून वसूल होते. इथेच दोन गोष्टी बिघडतात. परतावा मालमत्तेवर मिळत असल्याने गरजेपेक्षा मोठं बांधण्याचा मोह होतो. आणि प्रवाशांचा अंदाज चुकला, तर 2020 सारख्या वर्षाची तूट पुढच्या पाच वर्षांच्या दरात येऊन बसते.

हे किचकट आहे म्हणून तोंड फिरवू नकोस. कलमांच्या मागे लागतो म्हणून मला हेकट म्हणतात, म्हणू देत. धावपट्टी कंपनी सांभाळते, पण हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणाकडे, मोठ्या विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय दलाकडे. रांग लांबली की कंपनीला शिव्या घालण्याआधी ती रांग कोणाची, हेही करारातच बघ.

या आठवड्यात एकाच विमानतळाचा दरनिश्चिती आदेश घे. अंदाजित प्रवासी आणि प्रत्यक्ष प्रवासी शेजारी मांड, तफावत कोणाच्या खात्यात गेली ते शोध, आणि कलमाच्या क्रमांकासह मला लिही.