घरातलं अपायकारक प्लास्टिक कमी करायचं आहे. सुरुवात डब्यांपासून करू की पाण्याच्या बाटल्यांपासून?

डब्यांच्याही आधी फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनपासून करा. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात ज्या घरी कपाशी, त्या घरी फवारणीचे रिकामे कॅन असतातच, आणि ते कोणाच्यानं फेकवत नाहीत. जाड असतात, झाकण घट्ट, धरायला मूठ. कोणी त्यात डिझेल ठेवतं, कोणी प्यायचं पाणी.

आमच्या घरी प्यायचं पाणी होतं. लग्नानंतरचं दुसरं वर्ष, ऑगस्ट महिना, निंदणाला नऊ बाया लावलेल्या. दुपारी शिदोऱ्या घेऊन वावरात गेले, तर धुऱ्यावरच्या बाभळीखाली पाच लिटरचा पांढरा कॅन. लेबल खरडून काढलेलं, पण औषध किती विषारी ते दाखवणारा निळा त्रिकोण अर्धा राहिला होता. तणनाशकाचा तोच कॅन मी महिन्याआधी कोठ्यात पाहिला होता. एका बाईची चार वर्षांची पोरगी झाकणात पाणी ओतून पीत होती. मी तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि अख्खा कॅन तिथंच कपाशीच्या तासात उपडा केला. विहीर दोन वावरं पलीकडे, बाया तहानलेल्या, आणि समोर भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

"काय होते त्यानं? तीन खेपा सोड्यानं धुतला मी. वास बी नाही येत."

भासरे सगळ्यांसमोर बोलले. रात्री सासूबाईंनीही मलाच ऐकवलं, की मोठ्या माणसाचा असा पाणउतारा करू नये. पोरीला काही झालं नाही, बायांनाही नाही. तेव्हापासून भासऱ्यांचा एकच सवाल आहे: झालं का काही?

वास गेला म्हणून औषध जात नाही. प्लास्टिक ते शोषून घेतं आणि पुढं पाण्यात थोडं थोडं सोडत राहतं, घासून निघत नाही. कॅन तीनदा विसळायचा असतो हे खरं, पण ते पाणी पंपात ओतून फवारायचं म्हणून. त्यानं कॅन पिण्याजोगा होत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे की रिकामी भांडी पुन्हा वापरात येतील अशी बाहेर टाकू नयेत, फोडून वस्तीपासून लांब पुरावीत. त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा असा उतरत जातो, पण हिरवाही विषाचाच.

आता तुमचे डबे. गरम, तेलकट आणि आंबट प्लास्टिकमध्ये ठेवू नका. उष्णतेनं आणि तेलानं त्यातली रसायनं अन्नात उतरतात. पीव्हीसी नावाचं प्लास्टिक नरम करायला घातलेली थॅलेट्स ही रसायनं तर तेलात लवकर उतरतात, म्हणून लोणचं चिनी मातीच्या बरणीतच. टपरीवरून प्लास्टिकच्या पन्नीत चहा बांधून वावरात नेणं बंद करा, किटली न्या. बुडावरचा, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा पाहा आणि ३, ६, ७ खाण्यापिण्यासाठी घेऊ नका. बाटल्यांचंही तेच, उन्हात तापलेल्या बाटलीतलं पाणी पिऊ नका. आणि चूल पेटवायला पन्नी जाळणं सोडा. तो धूर चुलीपुढं बसणारीच्या छातीत जातो, पीव्हीसी असेल तर डायॉक्सिन या विषासकट.

सगळंच प्लास्टिक विष आहे असं माझं म्हणणं नाही. माझी तूरडाळ ५ नंबरच्या डब्यात आहे. ७ म्हणजे 'इतर', त्यातलं सगळंच वाईट नसतं. पितळी गुंडी वापरणार असाल तर कल्हई करून घ्या, आणि तिच्यात ताक ठेवू नका. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात वीसेक शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, ते फवारताना. कॅनमधलं पाणी पिऊन नाही. भासरे हे सांगतात ते बरोबर आहे. पण जे औषध कातडीतून अंगात भिनतं, ते पोटातून भिनणारच, आणि चार वर्षांच्या पोरीच्या अंगात आपल्यापेक्षा लवकर. काही झालं नाही म्हणून ते पाणी चांगलं होतं असं ठरत नाही. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.

आता वावरात पाणी स्टीलच्या कॅनमधून जातं, माझ्या पैशानं घेतलेल्या. औषधाचा रिकामा कॅन मी हातमोजे घालून विळ्यानं चिरते, मगच विहिरीपासून लांब पुरते. न चिरता पुरला, तर कोणीतरी उकरून घरी नेतं.