बास्केटबॉल शंकासमाधान: ट्रेड मांडण्याआधी करार वाचा

जून-जुलैत एनबीएचे सामने थांबतात आणि ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) व ट्रेडच्या (संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या) चर्चेला ऊत येतो. या महिन्यात मुंबईच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. पगाराचे आकडे २०२५-२६ च्या हंगामाचे आहेत.

आमच्या आवडीचा संघ दुसऱ्या एप्रनच्या, म्हणजे पगाराच्या सर्वांत वरच्या रेषेच्या वर आहे. दीड कोटी आणि अडीच कोटी डॉलरचे दोन खेळाडू देऊन चार कोटींचा एक घ्यायचा, असा ट्रेड आम्ही मांडला. बेरीज चोख जुळते, तरी मित्र म्हणतात हा होणारच नाही. का? (नागपाडा)

मित्रांचं बरोबर आहे. एनबीएत ट्रेड होतो तो करारांचा, आणि संघ पगाराच्या कोणत्या रेषेवर उभा आहे त्यावर नियम बदलतो. रेषा चार. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मूळ मर्यादा) १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर, लक्झरी टॅक्स (याच्या वर गेल्यास कर) १८ कोटी ७८ लाख ९५ हजार, पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाख ४५ हजार आणि दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख २४ हजार.

कॅपच्या वर पण पहिल्या एप्रनच्या खाली असलेल्या संघाला दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगार घरात घेता येतो. छोट्या पगाराला दुप्पट अधिक अडीच लाख, म्हणजे ६० लाखांचा खेळाडू देऊन १ कोटी २२ लाख ५० हजारांपर्यंतचा आणता येतो. मधल्या टप्प्यात ठरावीक रकमेची भर मिळते. ही रक्कम लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२३ च्या करारनाम्यात ७५ लाख होती आणि ती कॅपसोबत वाढत जाते. मोठ्या पगाराला १२५ टक्के अधिक अडीच लाख, म्हणजे चार कोटी देऊन पाच कोटी अडीच लाख. मात्र ही सवलत वापरली की त्या हंगामापुरता पहिला एप्रन ओलांडायला बंदी. ही अट विसरून पुढचा खेळाडू कसा घ्यायचा याचे बेत आखणारे खूप आहेत.

पहिल्या एप्रनच्या वर गेलात की जेवढं द्याल तेवढंच घ्या, एक डॉलरही जास्त नाही. दुसऱ्याच्या वर तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र मोजताच येत नाहीत. तुमचा ट्रेड इथेच अडतो. अडीच कोटीवाल्याच्या बदल्यात फार तर अडीच कोटींचा, दीडवाल्याच्या बदल्यात फार तर दीडचा. चार कोटींचा खेळाडू यातल्या कोणत्याच खणात मावत नाही. वर रोख रक्कम देता येत नाही आणि सात वर्षांनंतरची पहिल्या राउंडची पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याची पाळी) गोठते, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही, ते वेगळंच.

वाट एकच. ट्रेड पूर्ण झाल्यावर तुमची एकूण बेरीज दुसऱ्या एप्रनच्या खाली आली पाहिजे. तसं असेल तर पगार एकत्र मोजता येतात, पण त्या हंगामात ती रेषा पुन्हा ओलांडता येत नाही. म्हणजे चार कोटींसाठी साडेचार-पाच कोटींचे खेळाडू सोडायची तयारी हवी, नाहीतर आधी एखादा करार कॅपमध्ये जागा असलेल्या संघाच्या गळ्यात घालायला हवा. अशा संघाला बदल्यात काहीच द्यावं लागत नाही, पण तो संघ हे काम फुकट करत नाही, पिक मागतो.

आणखी दोन गोष्टी तपासा. समोरच्या संघाकडे जागा आहे का? हंगामात नियमित करार जास्तीत जास्त १५, उन्हाळ्यात २१. दोन देऊन एक घेताना समोर एक जागा रिकामी हवीच. दुसरं, उन्हाळ्यात नव्याने करार केलेला फ्री एजंट (आधीचा करार संपलेला खेळाडू) सहसा १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड होत नाही. ड्राफ्ट झालेल्या नवख्याने सही केली की ३० दिवस थांबावं लागतं. २०१४ साली अँड्र्यू विगिन्सने जुलैत क्लीव्हलँडशी करार केला, म्हणून केव्हिन लव्हसाठीचा त्याचा ट्रेड ऑगस्टपर्यंत लांबला.

संपूर्ण हंगामात सगळ्यात जास्त हरलेल्या संघाला पहिली पिक मिळतेच असं नाही. मग पिकची सोडत नेमकी काढतात कशी? (दादर)

१ ते १४ आकड्यांचे १४ चेंडू यंत्रात टाकतात. २० सेकंद घुसळून पहिला चेंडू, मग दर १० सेकंदांनी एक, असे चार. क्रम धरायचा नाही. १४ मधून ४ निवडण्याच्या १,००१ जोड्या होतात. त्यातली ११-१२-१३-१४ ही बाद, उरलेल्या १,००० जोड्या प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) न गाठलेल्या १४ संघांत आधीच वाटलेल्या असतात. २०१९ पासून लागू झालेल्या वाटपात सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी १४०, चौथ्याला १२५, असं उतरत चौदाव्याला ५. आधी एकट्या शेवटच्या संघाला २५० मिळत. सोडतीने फक्त पहिल्या चार पिक ठरतात, एकाच संघाची जोडी पुन्हा आली तर परत काढतात, आणि पाचव्यापासून हंगामातल्या निकालांचा उलटा क्रम लागतो.

म्हणूनच सर्वांत वाईट संघ पाचव्याच्या खाली घसरू शकत नाही, आणि पाचवर मात्र सहज येऊ शकतो. २०२५ मध्ये १७ विजय आणि ६५ पराभव घेऊन बसलेल्या युटाचं तेच झालं. डॅलसकडे १,००० पैकी अवघ्या १८ जोड्या होत्या, तरी पहिली पिक आणि तिच्यावर कूपर फ्लॅग त्यांना मिळाला.

‘टॉप-१० प्रोटेक्टेड’ पिक म्हणजे काय? आणि संघ लागोपाठच्या वर्षांच्या पिक का देऊन टाकत नाहीत? (मुलुंड)

प्रोटेक्शन म्हणजे देणाऱ्याने ठेवलेली अट. टॉप-१० असेल तर पिक १ ते १० मध्ये पडल्यास देणाऱ्याकडेच राहते, ११ ते ३० मध्ये पडल्यास घेणाऱ्याला जाते. खरी मेख पुढच्या वाक्यात असते. न मिळालेली पिक पुढच्या वर्षी सरकते की दुसऱ्या राउंडच्या पिकवर प्रकरण मिटतं? बातमीच्या मथळ्यात हे येत नाही, आणि तेवढ्यावर पिकची किंमत निम्मी होऊ शकते.

लागोपाठचं बंधन म्हणजे स्टेपियन नियम. टेड स्टेपियन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक होते, त्यांनी पहिल्या राउंडच्या पिक भराभर देऊन टाकल्या. तेव्हापासून भविष्यातली सलग दोन वर्षं पहिल्या राउंडच्या पिकविना राहता येत नाही. स्वतःचीच पिक हवी असं नाही, दुसऱ्याकडून मिळालेलीही चालते. २०२७ ची दिलीत तर २०२६ आणि २०२८ ची हातात ठेवा. २०२७ ची प्रोटेक्टेड असून २०२८ ला सरकू शकत असेल, तर २०२९ चीही अडकते. अनेक हौशी ट्रेड इथेच मोडतात. स्वॅप, म्हणजे पिकची फक्त अदलाबदल, चालते, कारण शेवटी हातात एक पिक उरतेच. सात वर्षांपलीकडचं काहीही देता येत नाही.

प्रोटेक्शन न लावण्याची किंमत किती? फेब्रुवारी २०११ मध्ये क्लिपर्सनी बॅरन डेव्हिसचा जड करार क्लीव्हलँडकडे ढकलला आणि सोबत बिनअटीची पिक दिली. तिला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २.८ टक्के होती. तो मिळाला आणि कायरी आयर्विंग निघाला. २०१३ मध्ये ब्रुकलिनने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांच्यासाठी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ च्या पिक आणि २०१७ चा स्वॅप दिला. २०१६ च्या पिकवर जेलन ब्राउन आला. २०१७ ची पहिल्या क्रमांकाची पिक बॉस्टनने फिलाडेल्फियाशी बदलली, तिसऱ्यावर उतरले आणि जेसन टेटमला घेतलं. २०१९ मध्ये पॉल जॉर्जसाठी क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि ढीगभर पिक दिल्या. त्यातल्या एकीवर २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स मिळाला, आणि २०२५ चं विजेतेपद ओक्लाहोमाने जिंकलं.

आमचं मत स्पष्ट आहे. वय झालेल्या खेळाडूंवर उभ्या असलेल्या संघाची पाच वर्षांनंतरची बिनअटीची पिक ही यंदाच्या विसाव्या क्रमांकाच्या पिकपेक्षा कितीतरी मोलाची. दोन्हींना ‘एक फर्स्ट राउंड’ म्हणून सारखं मोजू नका.

ड्राफ्टच्या मंचावर खेळाडू एका संघाची टोपी घालतो आणि खेळतो दुसऱ्याकडून. असं का? (घाटकोपर)

ट्रेड ठरलेला असतो, पण लीगचं नवं आर्थिक वर्ष लागून तो नोंदवला जाईपर्यंत पिक कागदोपत्री जुन्या संघाचीच असते. खामान मालुआचला २०२५ मध्ये दहाव्या क्रमांकावर ह्यूस्टनने निवडलं आणि टोपीही त्यांचीच होती, पण केव्हिन ड्युरंटच्या ट्रेडमध्ये तो फिनिक्सला जाणार हे तीन दिवस आधीच ठरलं होतं. ट्रेड नोंदला गेला ६ जुलैला. नव्या करारांवर सह्या सुरू होण्याची ही वेळ मुंबईत ६ जुलैच्या रात्री साडेनऊची. ड्राफ्टची पहिली रात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, आणि दुसऱ्या संघांच्या फ्री एजंटशी बोलणी १ जुलैला पहाटे साडेतीनला खुली होतात.

मुलगा १७ वर्षांचा, उंची ६ फूट १ इंच. ड्राफ्टसाठी नाव कसं द्यायचं, आणि तिथे घेतात ती मापं घरी घेता येतील का? (बोरिवली)

परदेशी खेळाडूला ड्राफ्टच्या वर्षात किमान १९ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आधी नाव द्यायचं तर ड्राफ्टच्या ६० दिवस आधी, मागे घ्यायचं तर १० दिवस आधी. २२ व्या वर्षी तो आपोआप पात्र होतो. पण पात्र असणं आणि कोणी निवडणं यात फार अंतर आहे. ६० पिकमध्ये जगभरची मुलं असतात. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतलेला सतनाम सिंग ७ फूट २ इंचांचा होता, तरी त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. त्यामुळे आत्ता ध्येय अमेरिकन कॉलेजचं ठेवा. एनसीएएच्या (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या गटासाठी नववी ते बारावीचे १६ मुख्य विषय मोजतात. आपल्याकडे दहावीची गुणपत्रिका जपतात आणि नववीची हरवतात. ती आजच शोधून ठेवा.

मापं घरी नक्की घ्या. उंची अनवाणी. हातांचा पल्ला घ्यायला मुलाला भिंतीला पाठ टेकवून उभं करा, हात खांद्याच्या रेषेत, एका हाताचं मधलं बोट खोलीच्या कोपऱ्याला टेकलेलं. दुसऱ्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलची खूण करा आणि टेप भिंतीवर लावून मोजा. अंगावरून टेप धरली की ती झोळते आणि दोन-तीन सेंटिमीटर फुकट वाढतात. उभ्याने हात वर करून पोच मोजताना टाच उचलली जाते, तिच्याखाली कागद सरकत नाही ना ते पाहा. मग बोटाला खडू लावून धावत उडी मारायला सांगा. खडूच्या खुणेतून पोच वजा केली की उडी. तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम धरा आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर ही उडी अजिबात नको. रिंग ३०५ सेंटिमीटरवर असते, त्यामुळे पोच किती कमी पडते हे लगेच कळेल. मापं दर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीवर, सकाळच्या वेळी घ्या, कारण संध्याकाळपर्यंत उंची थोडी कमी भरते.